‘मला माहीतच होतं, उद्या सुट्टी आहे’: या पोराला काय उत्तर देऊ?

खडू_आणि_फळा
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यावरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात वर्गात एक घोळ झाला, तो अजून निस्तरलेला नाही.

मंगळवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एक पत्र फिरलं: अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. पत्र मागच्या पावसाळ्यातलं होतं, कुणीतरी उपद्व्यापी माणसाने तारीख बदलून सोडलेलं. आमच्या नववीतल्या एकाने (पक्या म्हणू, खरं नाव नाही) ते वाचलं, गृहपाठाची वही दप्तरात कोंबली आणि आठ वाजता झोपला. रात्री पाऊस वाढला आणि दहाच्या सुमारास खराखुरा आदेश निघाला. बुधवारी शाळा बंद.

गुरुवारी मी वही मागितली. पक्या म्हणे, "सर, मला माहीतच होतं सुट्टी आहे, म्हणून केला नाही." (बुधवारी दिवसभर काय केलं ते विचारू नका.) मागच्या बाकावरची एक मुलगी ताडकन म्हणाली, "त्याला माहीत नव्हतं सर, त्याचं फक्त जुळलं." पक्या म्हणे, "मी म्हटलं सुट्टी, निघाली सुट्टी. माहीत असणं अजून काय असतं?" अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. तास संपला, गुरुत्वमध्य राहिला.

शनिवारचा शेवटचा तास माझ्याकडे मोकळा असतो. माहीत असणं म्हणजे काय, खरं कशाला म्हणायचं, हे या वयाच्या पोरांना कसं शिकवावं? फळ्यावर व्याख्या लिहून पाठ करून घेणं मला जमणार नाही. आणि मुख्य म्हणजे, पक्याला माहीत होतं की नव्हतं?

शेवभाजी_एक्स्ट्रा
माहीत होतं. पोरगं पुढे जाईल. राजकारणात घाला.

केळीवाला
मुलगी बरोबर आहे. आमचा शेजारी दरवर्षी म्हणतो, यंदा केळीचा भाव पडणार. ज्या वर्षी पडतो त्या वर्षी गावभर सांगतो, "मी म्हटलं नव्हतं का?" ज्या वर्षी चढतो त्या वर्षी गप. पक्या त्याचाच धाकटा भाऊ दिसतो.

तर्कट_मावशी
कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. थोडं लांबेल.

सर, तुमच्या पक्याने नकळत मोठ्या वादात उडी मारली आहे. जुनं उत्तर असं: एखादी गोष्ट मला माहीत आहे असं म्हणायला तीन गोष्टी हव्यात. मी ती मानली पाहिजे, ती खरी असली पाहिजे, आणि मानायला माझ्याकडे सबळ कारण पाहिजे. पक्याने मानलं होतं, सुट्टी खरी निघाली, आणि कारणही होतं: सहीशिक्क्याचं पत्र डोळ्यांनी पाहिलं होतं. तिन्ही अटी पुऱ्या. तरी त्या मुलीला ते पटेना, आणि मलाही पटत नाही. १९६३ साली एडमंड गेटिए या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून हेच दाखवलं, की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान नसू शकतं. लोक अजून त्याला उत्तरं देत आहेत.

पण हे परदेशातून आलं असं समजू नका. आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर असंच उदाहरण देतो. मांस भाजायला नुकती आग पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही, वर किड्यांचा थवा घोंघावतोय. लांबून एकाला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच की! पण त्याला ते कळलं असं म्हणाल? (मांस नको असेल तर भरिताची वांगी घाला, उदाहरण बिघडत नाही.)

बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचं उदाहरण तर वर्गात खेळायलाच आहे. मुठीत कवड्या धरून विचारायचं, किती? समोरचा म्हणतो पाच. मूठ उघडली तर खरंच पाच. कवड्या नसतील तर चिंचोके घ्या. एखाद्या पोराचा आकडा बरोबर येईलच. मग विचारा, याला माहीत होतं का? संस्कृतात याला काकतालीय म्हणतात. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तेच.

शेवभाजी_एक्स्ट्रा
मावशी, दंडवत. पण वांगी भाजताना वर किडे घोंघावत असतील तर ते भरीत मी खाणार नाही.

निवृत्त_हेडमास्तर
सगळं ठीक आहे. पण नववीच्या पोरांना आधी टक्केवारी आणि अपूर्णांक येऊ द्या. या वयात "तुम्हाला कसं माहीत" विचारायची सवय लागली की उद्या शिक्षकालाही विचारतील. तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र अकरावी-बारावीच्या कला शाखेला आहेत, तिथे शिकतील. प्रत्येक गोष्टीची वेळ असते.

खडू_आणि_फळा
सर, आदर ठेवून सांगतो, विचारलं तर मला आवडेल. आणि कला शाखेला किती पोरं जातात आणि त्यातली किती हा विषय घेतात, ते तुम्हीही बघितलं आहे. खोटं पत्र मात्र सगळ्या शाखांच्या मोबाईलवर येतं.

आजीची_नात
माझी आजी शिरपूरकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. गल्लीत कुणी काहीही बातमी आणली, अमक्याची सून पळाली, तमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, की तिचा एकच प्रश्न: "तू दखं का?" म्हणजे तू पाहिलंस का? नाही म्हटलं की पुढचं ऐकायचीच नाही, भाकरी थापत राहायची. अर्ध्या गल्लीची भांडणं तिने या तीन शब्दांनी वाचवली असतील.

सर, पोरांना एवढं एक वाक्य शिकवा, पुरे.

तर्कट_मावशी
आजी पक्क्या चार्वाक. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच प्रमाण. पण मग आजीला त्यांचे पणजोबा होऊन गेले हे कसं माहीत? त्यांनी दखं नव्हतं ना.

आजीची_नात
हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. उत्तरात उलथणं आलं.

तर्कट_मावशी
म्हणूनच नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) चार प्रमाणं, म्हणजे माहीत होण्याच्या वाटा, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. आपल्याला माहीत असलेल्यातलं बहुतेक याच वाटेने येतं. तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी माहीत? तिथे तुम्ही हजर होतात, पण साक्षीदार म्हणून बाद. मीमांसकांनी आणखी भर घातली, त्यातली अर्थापत्ती पोरांना हमखास आवडते: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठच. म्हणजे?

शेवभाजी_एक्स्ट्रा
म्हणजे आमचे साडू. एकादशी करतात.

वकील_धुळेकर
आजींचा नियम कोर्टातही आहे. साक्षीदाराने पाहिल्याचं सांगायचं तर स्वतः पाहिलेलं हवं, ऐकीव गोष्ट एरवी पुरावा होत नाही. अपवाद आहेत, पण नियम तोच.

पोरांना सांगण्यासारखी दुसरी एक गोष्ट. कोर्टात खरं आणि खोटं असे दोनच खाने नसतात. तीन असतात: एक, शाबीत झालं. दोन, खोटं असल्याचं शाबीत झालं. तीन, शाबीत झालं नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही आहे. लोकांचा सगळा गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्यात होतो. "भूत नाही हे सिद्ध करून दाखवा" म्हणणारा गडी तिसऱ्या खान्यातली गोष्ट उचलून गुपचूप पहिल्यात ठेवत असतो. आणि शाबीत म्हणजे तरी शंभर टक्के नव्हे, शहाण्या माणसाने ते धरून चालावं इतका संभव असला की पुरतं.

शाबीत झालं म्हणजे खरं असेलच असंही नाही बरं का. वीस वर्षं वकिली केल्यावर हे सांगायचा हक्क मला आहे.

मुळामुठा
धागा आवडला. पण मला वाटतं आपण मुलांवर ‘एकच सत्य’ लादतो. पक्याचं सत्य वेगळं, त्या मुलीचं सत्य वेगळं. प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं, हे शिकवलं तर मुलं जास्त सहिष्णू होतील.

वकील_धुळेकर
माझ्या फीचंही असंच असतं का? माझं सत्य की तुम्ही पाच हजार देणं आहे, तुमचं सत्य की दिले.

केळीवाला
शेवभाजी तिखट आहे, हे ज्याचं त्याचं. शेव संपली, हे सगळ्यांचं.

मुळामुठा
@केळीवाला, हे चांगलं आहे, मानलं. पण सगळ्याच गोष्टी ‘शेव संपली’सारख्या सरळ नसतात, एवढं तरी मान्य करा. आणि ‘बहुतेकांना वाटतं’ म्हणजे खरं, असं शिकवू नका.

तर्कट_मावशी
मान्य. ‘मानियेले नाही बहुमता’ म्हणणाऱ्या तुकोबांच्या मुलखात ते शिकवायची हिंमत कोण करील? पण ‘ज्याला जे वाटतं ते त्याच्यापुरतं खरं’ हे म्हणणं प्राचीन ग्रीक विचारवंत प्रोटॅगोरसचं, आणि त्याला जुनीच अडचण येते: तुमचं म्हणणं चूक आहे असं मला वाटतं. मग ते माझ्यापुरतं खरं ना?

केळीवाला
आता माझा एक अनुभव. आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते. बागेत पाणी लावायला रात्री दोनला टॉर्च घेऊन जायचं. केळीच्या बागेत साप असतातच. आणि जमिनीवर सगळीकडे ठिबकच्या काळ्या नळ्या. हवेत जरा सरकलेली, वाकडी पडलेली नळी टॉर्चच्या उजेडात कशी दिसते ते ज्याने पाहिलं त्यालाच माहीत.

कीर्तनात दोरीवर साप दिसल्याचा दृष्टांत देतात, तेव्हा सगळे माना डोलावतात. मला मात्र वाटतं, महाराज, तुम्ही रात्री पाणी धरलेलं नाही. नळीला साप समजलो तर दोन पावलं मागे उडी, फार तर चिखलात पडतो. सापाला नळी समजून उचललं तर सकाळी घरी बातमी जाते. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. म्हणून बागेत माझा कायदा वेगळा: हलत नाही हे कळेपर्यंत प्रत्येक नळी साप. व्यापारी भाव सांगतो तेव्हा कायदा उलटा.

किती पुरावा पुरेसा, हे चूक झाली तर काय जातं त्यावर ठरतं, असं मला वाटतं. पुस्तकात असं काही आहे का ते मावशींनी सांगावं.

तर्कट_मावशी
आहे. अगदी यावरच अलीकडे पुष्कळ भांडण चाललं आहे, आणि तुमची बाजू घेणारे बरेच आहेत. पण त्यांच्या उदाहरणात बँक असते, साप नसतो. तुमचं जास्त चांगलं आहे.

वकील_धुळेकर
म्हणूनच दिवाणी दाव्यात पारडं जिकडे झुकेल तिकडे निकाल, आणि फौजदारीत वाजवी संशयही उरता कामा नये. केळीवाले, तुम्ही वकील व्हायला हवे होतात.

केळीवाला
नको. केळीला तारीख पडत नाही.

अमळनेरी
इतका वेळ वाचतोय आणि कुणीच अमळनेरचं नाव काढेना, म्हणून खाते उघडून लिहितोय. प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून अभ्यासक येऊन राहायचे, इंग्रजी त्रैमासिक इथून निघायचं. साने गुरुजीही आधी तिथे आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचं नावच ‘अज्ञान’. एकाच विषयावर तिघांचे तीन निबंध. अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव, की त्याहून वेगळं काही, हा वाद.

सर, चोपड्याहून अमळनेर काही लांब नाही. पोरांची सहल न्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा
अज्ञानावर लिहायला तिघं लागले? आमच्या पानाच्या टपरीवर एकेक जण पुरेसा आहे.

गिरणाकाठ
सहलीचा विषय निघाला म्हणून: चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला न्या. भास्कराचार्यांचं गाव. त्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला. याहून मोठं ज्ञान काय दाखवणार पोरांना?

वकील_धुळेकर
गिरणाकाठ, राग मानू नका, उलटतपासणी घेतो. भास्कराचार्य पाटणचे, हे तुम्हाला कशावरून माहीत?

गिरणाकाठ
लहानपणापासून ऐकतोय. शिलालेख आहे तिथे.

वकील_धुळेकर
शिलालेखात काय लिहिलंय? ते तुम्ही दखं का?

गिरणाकाठ
दोन दिवस लागले उत्तर द्यायला, कारण खरं सांगायचं तर वाचलं नव्हतं. आता वाचलं. जे सापडलं ते सांगतो, माझ्या बाजूचं असो वा नसो.

पाटणच्या देवळातला लेख १२०७ सालचा. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. म्हणजे नातवाचा मठ पाटणला होता, हे शाबीत. आजोबा पाटणला जन्मले, असं लेख म्हणत नाही. ते स्वतः सांगतात की जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ते विज्जडविड म्हणजे पाटणजवळचंच असं काही अभ्यासक म्हणतात, काही विजापूर म्हणतात. विजापुराला सह्याद्री कुठून आणणार, असं माझं मत. पण ते मत आहे. वकीलसाहेब, तिसरा खाना.

गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि ती पडतेय असं आपल्याला वाटतं, असा श्लोक खरंच आहे. पण किती अंतरावर किती ओढ, चंद्राला कुठलं बळ फिरवतं, हे गणित त्यात नाही. ते न्यूटनचं. फिरणारा मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याला पकडणं जास्त अवघड.

वाचता वाचता एक रत्न मिळालं, ते मात्र मेसेजमध्ये कधी आलं नव्हतं. पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? आचार्य म्हणतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस त्यावर इवलासा, म्हणून त्याला सगळी सपाट वाटते. डोळ्याला दिसतं ते खोटं ठरवून थांबले नाहीत, तसं का दिसतं त्याचं कारणही दिलं. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

आजीची_नात
गिरणाकाठ, +१. आजीने तुम्हाला गरम भाकरी वाढली असती.

निवृत्त_हेडमास्तर
हा शंभराव्या भागाचा प्रयोग फळ्यावर करता येईल. मोठा गोल काढायचा, छोटा तुकडा ठेवून बाकी पुसायचा. अपूर्णांकही होतील. माझा विरोध थोडा मागे घेतो. थोडाच.

तर्कट_मावशी
सर, अजून एक सोपा प्रयोग घ्या. तीन बादल्या: गरम, गार आणि मधली कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात, मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात. एकच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला गरम. सतराव्या शतकात जॉन लॉकने हे मांडलं होतं. मग पोरांना विचारा, कुठला हात खरं बोलतोय?

शेवभाजी_एक्स्ट्रा
जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात करू नका. तिन्ही बादल्या एकच.

खडू_आणि_फळा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते. तीन शनिवार झाले. काय झालं ते सांगतो.

चिंचोक्यांनी धमाल आली. अठ्ठेचाळीस पोरांत चौघांचा आकडा बरोबर आला. चौघांनाही मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" तिघं नाही म्हणाले. चौथा पक्या. तो म्हणाला, "हो." मग त्याला परत खेळायला लावलं. पाच वेळा चुकला. सहाव्यांदा बरोबर आल्यावर म्हणाला, "आता माहीत झालं."

बादल्यांच्या प्रयोगात शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारलं, "सर, दोन्ही हात खरंच सांगताहेत. आधीपेक्षा गार, आधीपेक्षा गरम. पाण्याबद्दल कोण बोलतंय?" माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. थर्मामीटर आणला, तर म्हणे, "तो पण आधीपेक्षाच सांगतो ना, पारा वर की खाली?" मी घंटेची वाट बघत होतो. हेडमास्तर सर, तुम्ही म्हणाला होतात, आणि ते खरं झालं.

पण मूळ भानगड तिसऱ्या शनिवारी झाली. वर्गाने मतदान घेऊन (मुळामुठा, माफ करा) ठरवलं, की पक्याला सुट्टी माहीत नव्हती, कारण पत्र खोटं होतं. पक्या उभा राहिला. "सर, मंगळवारी रात्री तुम्हाला माहीत होतं का?" म्हटलं, हो, मी दहानंतर खरा आदेश वाचला. "कुठे?" शाळेच्या ग्रुपवर. "तो खरा आहे हे कशावरून? माझंही पत्र ग्रुपवरच होतं. सही होती, शिक्का होता."

म्हटलं, बाबा, तो आपल्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी टाकला होता, ते जबाबदार माणूस आहेत. म्हणजे शब्दप्रमाण, मावशी. वर्ग शांत झाला. मी जिंकलो असं वाटलं.

मधल्या सुट्टीत मलाच राहवेना. भाऊसाहेबांना विचारलं, तो आदेश तुमच्याकडे कुठून आला होता? ते म्हणाले, "सर, तुम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकला होता ना, तोच मी उचलून शाळेच्या ग्रुपवर टाकला. म्हटलं, सरांनी टाकला म्हणजे बघूनच टाकला असेल."

मी टाकला होता, खरंच. दहाच्या आसपास कुठून तरी आलेला, झोपेत पुढे ढकललेला. कुठून आला ते आता फोनमध्येही सापडत नाही.

वकील_धुळेकर
साक्षीदार क्रमांक एक आणि दोन एकमेकांच्या भरवशावर. अशा केसेस मी रोज बघतो.

तर्कट_मावशी
पण आदेश खरा होता ना?

खडू_आणि_फळा
होता. गुरुवारच्या पेपरात आला होता. ते मी गुरुवारी वाचलं.

केळीवाला
मग मंगळवारी रात्री तुम्ही आणि पक्या एकाच बाकावर.

खडू_आणि_फळा
हो. येत्या शनिवारी वर्गात हे सांगावं लागेल. पक्याची वही अजून कोरी आहे, आणि ती मागायची कशी हा आता माझा नवा प्रश्न आहे.